होबाचे लोखंड

नामिबिया देशाच्या उत्तर भागातून प्रवास करीत असता ग्रूटफोंटेन गावाच्या पश्चिमेस सुमारे २० किलोमीटरांवर असलेल्या होबा नावाच्या शेतमळ्यात आम्ही गेलो. पाहावयाची होती ती एक उल्का. पृथ्वीवर आजवर अखंड सापडलेल्या उल्कांमध्ये हीच सर्वांत मोठी.

दगडी पायऱ्या उतरून आपण तिच्यापाशी येतो. लांबीरुंदी प्रत्येकी २.७ मीटर, जाडी सुमारे ९० सेंटिमीटर आणि वजन अदमासे ६० टन! शंभरांत ८४ भाग लोखंड, बाकी बहुतेक निकेल. १९२० साली जेकोबस ब्रिट्स हा शेतकरी जमीन नांगरीत असता फाळ एकाएकी अडला, धातू खरडल्याचा आवाज झाला आणि हा ठेवा उघडकीस आला, असे सांगतात.

नवल असे की, येथे खड्डा दिसत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवरही अवकाशातून आलेल्या पिंडाच्या आघातानेच झाले. त्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. मग हे लोखंड इतक्या हळुवारपणे कसे उतरले? ते चपटे असल्यामुळे हवेच्या विरोधाने त्याचा वेग पुष्कळसा ओसरला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. ही घटना गेल्या ८०,००० वर्षांतली.

आभाळातून जे धड उतरले, त्याला माणसाने मात्र धड राहू दिले नाही. १९५५ साली ते राष्ट्रीय स्मारक ठरले. तरीही येणारेजाणारे आठवण म्हणून तुकडे काढून नेत राहिले. कापल्याच्या खुणा आजही दिसतात. पुढे १९८७ साली शेतमालकाने उल्का आणि तिच्याभोवतीची जागा सरकारला देऊन टाकली.

हे सारे ठाऊक असूनही पायाशी पडलेली गंजाची एक खपली मी उचलली आणि खिशात टाकली. नखाएवढी तर होती! घरी मुलांना दाखवीन, असे मनाला समजाविले. परंतु पायऱ्या चढता चढता वाटले, छिन्नी घेऊन आलेल्यानेही स्वतःची समजूत अशीच घातली असेल. मी मागे फिरलो आणि खपली होती तेथे ठेवली.

घरी मुलांनी विचारले, "आमच्यासाठी काय आणले?" मी त्यांना ही हकीकत सांगितली. खपली परत ठेवल्याचे ऐकून धाकटी थोडी हिरमुसली, मग म्हणाली, "म्हणजे मी जाईन तेव्हा ती तिथेच असेल ना?"