टर्कीला एक सुट्टी द्या
(सदर : पानातलं, पानाबाहेरचं)

येत्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंग. घरोघरी सात-आठ किलोचा एक अख्खा पक्षी भट्टीत जाणार आणि बऱ्याच घरांत तो कोरडाठाक होऊन बाहेर येणार. तिथल्या टर्की-उत्पादकांच्या संघटनेचा अंदाज खरा मानला, तर या एका सणाला साडेचार कोटींच्या आसपास टर्की लागतात. एवढी माणसं खातात म्हणजे आवडीनंच खात असतील, असं आपल्याला वाटतं. पण अशा जेवणाला बसलेल्या कुणालाही विचारा, आधी काय संपतं? पावाचं मसालेदार सारण संपतं, लोण्यातले बटाटे संपतात, भोपळ्याच्या पायवर उड्या पडतात. टर्की उरते. मग शनिवारपर्यंत ती सँडविचमध्ये घालून पुरवून पुरवून खपवली जाते.

यात दोष त्या बिचाऱ्या पक्ष्याचा नाही, तो अख्खाच भाजायच्या हट्टाचा आहे. छातीचं मांस ६५ अंश सेल्सियसच्या पुढे सरकलं की कोरडं पडू लागतं. मांडी मात्र ८० च्या घरात पोचल्याशिवाय नीट मऊ होत नाही. त्यात सरकारी सुरक्षिततेचा आकडा ७४. एकाच भट्टीत, एकाच वेळी हे तिन्ही कसं जमायचं? शिवाय पक्षी गोठवलेला. फ्रीजमध्ये तो सुटायला दर दोन किलोला एक दिवस धरा, म्हणजे गुरुवारच्या जेवणासाठी रविवारीच बाहेर काढायचा. बटरबॉल या टर्की विकणाऱ्या कंपनीला गांगरलेल्या गृहिणींसाठी १९८१ पासून खास फोनसेवा चालवावी लागते, यातच सगळं आलं. आपल्याकडे पुरणपोळी बिघडते, नाही असं नाही, पण तेवढ्यासाठी कुणी कॉल सेंटर उघडलेलं नाही.

बरं, परंपरा म्हणून सोसावं, तर परंपराही तपासून घ्यावी अशीच आहे. १६२१ साली प्लिमथला जी मूळ मेजवानी झाली, तिच्याबद्दल तिथल्या इंग्रज वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लोचं एक पत्र शिल्लक आहे. त्यात गव्हर्नरनं चार माणसं पक्षी मारायला धाडल्याचा उल्लेख आहे, पण पक्षी कुठले ते सांगितलेलं नाही. ठळकपणे सांगितलं आहे ते हरणांचं. तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मासासोइट नव्वदेक माणसं घेऊन आला आणि त्याच्या लोकांनी पाच हरणं मारून आणली. जेवणं तीन दिवस चालली. बटाटा तोवर तिकडे पोचलेला नव्हता. म्हणजे ज्या जेवणाची आठवण म्हणून आज टर्की भाजतात, त्याचा पक्का पुरावा आहे तो हरणाच्या मांसाचा. टर्कीला टेबलाच्या मधोमध बसवण्यात मोठा हात सारा जोसेफा हेल या संपादिकेचा. तिच्या १८२७ च्या कादंबरीत थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचं साग्रसंगीत वर्णन आहे, त्यात भाजलेली टर्की मानाच्या जागी. पुढे तिनं राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहून लिहून सणाचा पिच्छा पुरवला आणि १८६३ मध्ये लिंकननं राष्ट्रीय दिवस जाहीर केला.

त्यामुळे पर्याय शोधणाऱ्यांनी मनाला लावून घ्यायचं कारण नाही. मात्र पर्याय म्हणून जे काही खपतं, त्यातलं सगळंच मला पटत नाही. टोफर्की घ्या. सोयाबीनच्या पनीराचा गोळा, आत सारण, वरून टर्कीचा आव. १९९५ पासून बाजारात आहे, शाकाहारी मंडळी निष्ठेनं आणतात. दुधाची तहान ताकावर भागवायची, तर निदान ताक चांगलं असावं! त्यापेक्षा सरळ भरली वांगी करा, उंधियू करा. ज्याला स्वतःची चव आहे असं काहीही करा.

कॅल्विन ट्रिलिन या अमेरिकन विनोदी लेखकानं तर टर्की हटवा आणि स्पगेटी कार्बोनारा हा राष्ट्रीय पदार्थ करा, अशी मोहीमच उघडली होती. त्यासाठी त्यानं कोलंबसालाही मध्ये ओढलं. गंमत बाजूला ठेवली, तरी अंडी, चीज आणि डुकराचं खारवलेलं मांस घातलेला हा पास्ता अर्ध्या तासात होतो आणि स्वयंपाक करणारी व्यक्ती पाहुण्यांबरोबर जेवायला बसू शकते. अनेक इटालियन-अमेरिकन घरांत आधी लझान्या येतो आणि टर्की त्याच्यामागून, उपचारापुरती. जपानची तऱ्हा आणखी वेगळी. १९७४ मध्ये केएफसीनं नाताळसाठी तळलेल्या कोंबडीची जाहिरात केली, कारण टर्की तिथे मिळणंच मुश्कील. आता त्या कोंबडीचीच प्रथा झाली आहे आणि लोक कित्येक आठवडे आधी नंबर लावतात. पर्यायालाही जुनं व्हायला पन्नास वर्षं पुरतात.

मला विचाराल, तर सगळ्यात शहाणे मेक्सिकोचे लोक. टर्की माणसाळवली त्यांनीच, दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी. सणासुदीला ते तिचे तुकडे करतात आणि मोलेमध्ये शिजवतात. सुक्या मिरच्या, तीळ, बदाम, दालचिनी, लवंग हे सगळं भाजून वाटायचं, त्यात थोडं चॉकलेट. चॉकलेट वगळलं, तर हे वाटण आपल्या कुठल्याही घरात ओळखीचं वाटेल. आपल्याकडे हा पक्षी आला तो गोव्यामार्गे. १६१२ मध्ये मुकर्रबखानानं गोव्याहून तो जहांगीरकडे नेला आणि बादशहानं उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं. गोव्यात आजही नाताळला काही घरांत टर्की भाजतात. पण ख्रिस्ती घरांतल्या जेवणाचा जीव आहे तो सोरपोतेल आणि सान्नांत. सोरपोतेल तर दोन-तीन दिवस आधीच करून मुरवत ठेवतात, म्हणून सणाच्या दिवशी चुलीपाशी अडकून पडावं लागत नाही.

न्यू जर्सीत, बे एरियात ज्यांचे नातलग आहेत, त्यांच्याकडे या आठवड्यात फोनवर हीच चर्चा असते. लांब सुट्टी आणि चार घरांची मिळून पंगत. त्यात निम्मे शाकाहारी. मुलानं शाळेत हाताचा पंजा कागदावर ठेवून, अंगठ्याचं डोकं आणि बोटांची पिसं करून टर्की रंगवलेली असते. ती आता घरात पाहिजेच म्हणून तो हटून बसतो. अशा घरातल्या वहिनींना माझं सांगणं, पक्षी आणा, पण तुकडे करून आणा. आलं-लसूण, हळद आणि मीठ लावून रात्रभर ठेवा. कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून मांड्या आधी शिजायला टाका, छातीचे तुकडे अगदी शेवटी. शाकाहाऱ्यांसाठी मसालेभात. आणि शुक्रवारी उरलेल्या हाडांचा पांढरा रस्सा करा. कोल्हापूरकर नाक मुरडतील, मुरडू द्या. त्यांना दुसरी वाटी लागते की नाही ते बघा.

— वाढपी