प्रशासकांचे राज्य

मुंबई महानगरपालिकेतील लोकनियुक्त सभासदांची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. तिची पुढील निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली सुमारे तीन वर्षे दहा महिने या बलाढ्य संस्थेचा कारभार एका अधिकाऱ्याच्या सहीने चालला. अंदाजपत्रक मांडणारा तोच आणि मंजूर करणाराही तोच! राज्यातील इतर पुष्कळ महानगरपालिका, नगरपरिषदा व जिल्हा परिषदा यांची कहाणी याहून निराळी नव्हती. निवडणुका झाल्या, गुलाल उधळला गेला, आणि लोक हा सारा प्रकार विसरून गेले. परंतु ज्यांचे हक्क केवळ कायद्याच्या आधारावर उभे आहेत, त्यांना तो विसरणे परवडणारे नाही.

राज्यघटनेत या बाबतीत कसलीही संदिग्धता नाही. ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली. तिच्या कलम २४३-ई व २४३-यू अन्वये पंचायत व नगरपालिका यांची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही. आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे. २००६ साली किशनसिंग तोमर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मुदत बंधनकारक असल्याचे स्पष्ट सांगितले. मग इतका स्वच्छ कायदा असताना चार वर्षे तो गुंडाळून कसा ठेवता आला?

त्याचा इतिहास असा आहे. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांसाठी समर्पित आयोग, प्रत्यक्ष आकडेवारी व एकूण ५० टक्क्यांची मर्यादा या तीन अटी महाराष्ट्राला लागू केल्या. आकडेवारी राज्याजवळ नव्हती. २०११ च्या जातविषयक पाहणीची माहिती केंद्राने सदोष म्हणून दिली नाही. राज्याने वटहुकूम काढला, त्याला डिसेंबर २०२१ मध्ये स्थगिती मिळाली. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून शासनाकडे घेतला. मे २०२२ मध्ये न्यायालयाने दोन आठवड्यांत निवडणुका जाहीर करण्यास फर्मावले. जुलैमध्ये बांठिया आयोगाचा अहवाल आला. मध्यंतरी मंत्रिमंडळ बदलले. आधीच्या सरकारने मुंबईचे प्रभाग २२७ चे २३६ केले होते, ते नव्या सरकारने पुन्हा २२७ केले. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जैसे थे’चा हुकूम झाला, आणि मग तारखांवर तारखा पडत राहिल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश निघाला. तीही मुदत पाळली गेली नाही, ती ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवावी लागली.

या हकिकतीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दोन परस्परविरोधी सरकारे आली नि गेली, परंतु निवडणूक लांबली याचे दुःख कोणत्याही सत्ताधाऱ्याला झालेले दिसले नाही. कारण प्रशासक शासनाने नेमलेला असतो. सभागृहात उठून प्रश्न विचारणारा कोणी उरत नाही. ज्या कोंडीमुळे सत्तेवर बसलेल्यांचे काहीच अडत नाही, ती कोंडी ते आपण होऊन कशाला फोडतील?

अडते ते आपले. जिल्हा परिषदेची समाजकल्याण समिती म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांतील रस्ता, पाणी, दिवा, समाजमंदिर यांची कामे जेथे बोलून, भांडून पदरात पाडून घ्यावयाची, ती ही जागा. एका वस्तीतील बायामाणसे या काळात आमच्याकडे आली होती. त्यांच्या गल्लीतले गटार तुंबून सांडपाणी घरात शिरत होते. “वकीलसाहेब, पूर्वी निदान सभासदाच्या दारात जाऊन बसता येत होते. आता कोणाच्या दारात बसावे?” असे त्यांतील एका म्हाताऱ्या आईने विचारले. त्या प्रश्नाला आमच्या कायद्याच्या पुस्तकात उत्तर होते, परंतु त्या कार्यालयात नव्हते. अर्जावर पोच मिळाली, काम झाले नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना गावकारभाराविषयी भाबडा मोह कधीच नव्हता. १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना अस्पृश्यांसाठी राखीव जागांची मागणी त्यांनी केली, ती याच जाणिवेतून. आज कलम २४३-डी व २४३-टी यांनी त्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात दिलेल्या आहेत; आणि १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही त्या मिळतात. पण सभागृहच नसेल तर राखीव खुर्ची ठेवावयाची कोठे? निवडणूक लांबविणे म्हणजे आरक्षण रद्द न करता ते निरुपयोगी करणे होय. घटनेचे स्वरूप तसेच ठेवून केवळ कारभाराची रीत बदलून घटनेचा विपर्यास करता येतो, हा इशारा बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत दिला होता. त्याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. विलंबाचे खापर इतर मागासवर्गीय बांधवांच्या माथी फोडण्याची हुशारी काही मंडळी करतात. ती आम्हांस मान्य नाही. त्यांची मागणी न्याय्य आहे. दोष वेळेवर आकडेवारी न जमविणाऱ्यांचा आहे. मागासलेल्यांना मागासलेल्यांशी झुंजविणे हा जुनाच डाव आहे.

तर मग सुधारणा कोणती? आमच्या मते चार गोष्टी कायद्यात आल्या पाहिजेत. प्रभागरचना व राखीव जागांची सोडत यांवर शासनाचा हात नसावा, तो अधिकार निवडणूक आयोगाचाच असावा. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधी ही तयारी पूर्ण व्हावी. सहा महिन्यांनंतर प्रशासकाला दैनंदिन कामापलीकडे नवा कर वा मोठा ठेका मंजूर करण्याचा अधिकार नसावा. निवडणूक रोखणारा वाद न्यायालयाने ठरावीक मुदतीत निकालात काढावा.

हे लवकर होईल असे खोटे आश्वासन आम्ही देणार नाही. ज्यांनी कायदा करावयाचा त्यांचाच यात तोटा आहे, आणि नुसत्या न्यायालयीन हुकुमाने भागत नाही हेही २०२२ च्या ‘दोन आठवड्यां’नी दाखविले आहे. परंतु तोमर निकालाने एक वाट ठेवली आहे: शासन सहकार्य करीत नसेल तर निवडणूक आयोगाने न्यायालयात जावे. आयोग हलत नसेल तर त्याला हलविणे हे मतदारांचे काम आहे.

म्हणून आपल्या प्रत्येक वस्तीने आपल्या पंचायतीची, नगरपालिकेची मुदत कोणत्या तारखेस संपते ती विहाराच्या फलकावर लिहून ठेवावी. एक वर्ष आधी आयोगाला लेखी विचारणा करावी व पोच जपून ठेवावी. उमेदवारीची इच्छा असणाऱ्यांनी जातवैधता प्रमाणपत्र आजच काढावे. ऐन वेळी कागदाअभावी आपली राखीव जागा दुसऱ्याच्या हाती जाऊ देऊ नये. मतदारयादीत घरातील प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषाचे नाव आहे की नाही ते पाहावे.

धम्मदीक्षेने आपण कोणाच्या दयेवर जगणे नाकारले. प्रशासकाच्या दयेवर जगणे हाही त्याच मिंधेपणाचा प्रकार आहे. तोही आपण नाकारला पाहिजे.