सुपारी फुटल्यावर विचारलेली पसंती

पूर्वी लग्नाची सुपारी फुटली की मग मुलीला विचारायचे, "पसंत आहे ना गं?" तिनं मान खाली घातली की झाला होकार! 'लोकसहभागातून विकास' हे शब्द कानावर पडले की मला हमखास ती खाली गेलेली मान आठवते.

तशी कल्पना चांगलीच. रॉबर्ट चेंबर्स म्हणायचे, तज्ज्ञांनी जरा गप्प बसावं, काठी लोकांच्या हाती द्यावी. गावाचा नकाशा गावकऱ्यांनीच जमिनीवर काढावा, अडचणी त्यांनीच सांगाव्यात. छानच की! पण काठी दिली म्हणजे तिजोरीची किल्ली दिली असं होत नाही ना...

१९९०च्या दशकात ब्रिटिश मदतीतून झाबुआ, पंचमहाल, बांसवाडा भागातल्या भिल्ल गावांत शेतीचा एक प्रकल्प चालला. सहभागाचा नमुना म्हणून गाजलेला. त्याचेच एक सल्लागार डेव्हिड मॉस यांनी पुढे लिहिलं, की बैठका चारचौघांत भरायच्या, त्यामुळे बायका मागेच राहायच्या आणि गावातल्या वजनदार पुरुषांचं म्हणणं हेच गावाचं म्हणणं ठरायचं. लोकांनी मागितलं काय? तर निलगिरीची रोपं! प्रकल्पाकडून काय मिळेल, याचा अंदाज घेऊनच मागणी व्हायची. कागदावर मात्र ती 'लोकांची गरज'.

यात गावकऱ्यांना भोळं समजू नका हं. दुकानात जे आहे तेच शहाणा माणूस मागतो.

"अहो, अजिबात न विचारण्यापेक्षा हे बरं ना?" मला नाही पटत. न विचारता काही लादलं तर निदान भांडता येतं. विचारल्याचा देखावा झाला की तीही सोय जाते. "तुम्हीच तर म्हणाला होतात!" असं ऐकून घ्यावं लागतं.

आता ओडिशातलं नियमगिरी बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१३ साली तिथे १२ ग्रामसभा झाल्या. कुठली १२ गावं, हेही सरकारनंच ठरवलेलं. तरी बाराच्या बारा गावांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि जानेवारी २०१४मध्ये केंद्राला परवानगी नाकारावी लागली. तिथे ना रंगीत तक्ते होते, ना गटचर्चा. लोकांच्या 'नाही'ला कायद्याचं बळ होतं, एवढंच.

म्हणून यापुढे कुणी "आम्ही लोकांना विचारलं" म्हणालं, तर एकच विचारा: लोक नाही म्हणाले असते, तर काय केलं असतं?

उत्तर देताना चाचरले, तर समजा, सुपारी आधीच फुटलीय. असो.