हप्ता बँकेला की पीसीला?

२०२५ च्या दिवाळीनंतरचा शनिवार. जेवून जरा आडवा होणार, तेवढ्यात मावसभावाचा फोन. "दादा, नव्वद हजारांत नवा गेमिंग पीसी बसतोय. दोन वर्षांचा ईएमआय. घेऊन टाकू?"

आता हा पोरगा नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. हिंजवडीला तिघांत फ्लॅट, घरी थोडे पैसे पाठवतो. त्यात हा हप्ता! म्हटलं, थांब, संध्याकाळी येतो.

त्याचा जुना पीसी २०१८ चा. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून काकांनी घेऊन दिलेला. लॅमिंग्टन रोडला सोबत मीच गेलो होतो. रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १०५० टीआय आणि १ टीबी हार्ड डिस्क. दुकानदार कॅबिनेटसोबत एसएमपीएस जवळजवळ फुकटच देत होता. मी अडून बसलो आणि ५५० वॉटचा ब्रँडेड घ्यायला लावला. काका वैतागले, "या डब्याने गेम जोरात पळणार आहे का?" नाही पळणार. पण कॉलेजात असताना अशाच एका बिननावाच्या एसएमपीएसने माझा मदरबोर्ड सोबत नेला होता. ते दुःख मला माहीत!

असो. भावाची तक्रार दोन कलमी होती. एक, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे मशीन भंगारात. दोन, सायबरपंक २०७७ धड चालत नाही.

पहिलं कलम दहा मिनिटांत निकालात निघालं. रायझन ५ २६०० विंडोज ११ च्या यादीत आहे. बायोसमध्ये जाऊन टीपीएम चालू केलं, काम झालं.

दुसऱ्यासाठी गेमची किमान गरजांची यादी काढली. २०२३ मध्ये ती वाढवलीय : १२ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० (६ जीबी), आणि हार्ड डिस्क बाद, एसएसडीच हवी. म्हणजे आमचा पीसी तीन विषयांत नापास. पण प्रोसेसर? यादीत रायझन ५ १६०० आहे, आपला त्याच्या पुढचा. पास! बोर्ड, कॅबिनेट, एसएमपीएस, मॉनिटर तर ठणठणीत. तीन विषयांत नापास झाला म्हणून पोराला कोणी शाळेतून काढत नाही ना?

तर माझं मत असं, की बजेट पीसी एकदम विकत घ्यायची वस्तूच नाही. तो हळूहळू वाढवायचा असतो. आणि म्हणूनच पहिल्या खरेदीत पैसे टाकायचे ते न दिसणाऱ्या गोष्टींत : एसएमपीएस आणि पुढे वाव देणारा बोर्ड. आरजीबी लाइट आणि काचेचं कॅबिनेट यांनी एक फ्रेमसुद्धा वाढत नाही.

बोर्डाचंच बघा. २०१८ मध्ये गेमिंगला इंटेलचा आय-फाइव्ह ८४०० सरस होता, हे मान्य. पण त्याचा बोर्ड नवव्या जनरेशनपर्यंत जाऊन थांबला. आमच्या बी४५० वर मात्र, आधी बायोस अपडेट करून, २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो. चार वर्षांनी आलेला प्रोसेसर, बोर्ड तोच!

अर्थात माझंही चुकलंच होतं. तेव्हा १ टीबीच्या मोहात एसएसडी घेऊ दिली नाही. पोराने सात वर्षं लोडिंगचा स्क्रीन बघितला. रिकामा ठेवलेला रॅमचा स्लॉट मात्र कामी आला.

मग ठरलं. पहिल्या महिन्यात एसएसडी आणि ८ जीबीची आणखी एक स्टिक. दोन स्टिक असल्या की ड्युअल चॅनेल मिळतो, तो फायदा वेगळाच. एआयच्या डेटा सेंटरांमुळे रॅमचे भाव तेव्हा भडकायला लागले होते, म्हणून स्टिक ओळखीतल्या एकाकडची जुनी घेतली. मग हप्त्याचे पैसे बाजूला टाकत जायचे आणि जमले की आरएक्स ६६००. ८ जीबीचं कार्ड, एकच ८-पिन कनेक्टर, एएमडी ४५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. म्हणजे काकांना नकोसा झालेला तो डबा अजून पुरतोय.

"आणि प्रोसेसर?" मोजल्याशिवाय नाही. मोजायचं कसं, तर रिझोल्युशन १०८० वरून ७२० वर आणायचं. फ्रेम रेट उडी मारून वाढला तर कार्ड कमी पडतंय. जागचा हलला नाही तर प्रोसेसर. एवढी साधी परीक्षा न घेता लोक वीस-वीस हजार घालवतात.

हे सगळ्यांना लागू नाही, हेही सांगतो. सातव्या जनरेशनचा इंटेल असेल तर त्या बोर्डावर पुढे रस्ता नाही. मग नवा पाया घालावा, आणि तोही लाइट न बघता सॉकेट बघून. दर वर्षी खोली बदलणाऱ्याला लॅपटॉप बरा, हेही खरं.

पण घरी चालू डेस्कटॉप असताना कर्ज काढण्याआधी एक शनिवार त्याला द्या. बाजूचं झाकण उघडा, धूळ झाडा, नापास कोण ते शोधा. हप्ता भरायचाच असेल तर तो बँकेला कशाला? पीसीला भरा की. तिथे व्याज लागत नाही, आणि एखादा महिना चुकला तर फोनही येत नाही!