भिंतीतल्या एका नेटवर्क पोर्टमधून अख्खं ऑफिस दिसू शकतं, ते कसं?

एप्रिल २०१८. इराणमधल्या काही डेटा सेंटर्सच्या स्क्रीनवर अचानक अमेरिकेचा झेंडा झळकला. सोबत संदेश होता, आमच्या निवडणुकांत ढवळाढवळ करू नका. इराण सरकारच्या म्हणण्यानुसार जगभरातल्या सुमारे २ लाख स्विचना याचा फटका बसला, त्यातले साडेतीन हजार इराणमधले होते.

हल्लेखोरांनी वापरलं होतं सिस्कोच्या स्विचमधलं 'स्मार्ट इन्स्टॉल' हे फीचर. नवा स्विच जोडला की त्याने आपली सेटिंग्ज आपणच उतरवून घ्यायची, इंजिनीअरला तिथवर जायला लागू नये, एवढाच त्याचा हेतू. समोरचा कोण आहे हे तपासायची व्यवस्थाच त्यात नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये एफबीआयने पुन्हा इशारा दिला, की रशियाच्या एफएसबीशी संबंधित हॅकर्स याच फीचरमधली, २०१८ मध्येच दुरुस्त झालेली त्रुटी अजूनही वापरतायत. दुरुस्ती आली, पण असंख्य स्विचवर ती कुणी टाकलीच नाही.

स्विचमध्ये अशा 'सोयी' आणखीही आहेत. त्यातली एक फारशी चर्चेत येत नाही, ती म्हणजे आपोआप होणारं ट्रंकिंग.

आधी व्हीलॅन समजून घेऊ. एखाद्या हॉस्पिटलमध्ये रिसेप्शनचा कॉम्प्युटर, एक्स-रे मशीन, सीसीटीव्ही आणि पेशंटच्या नातेवाइकांचं वायफाय, सगळं एकाच स्विचला जोडलेलं असतं. प्रत्येकासाठी वेगळा स्विच घेणं परवडत नाही. म्हणून एकाच स्विचचे आतल्या आत कप्पे पाडतात. हे कप्पे म्हणजे व्हीलॅन. एका कप्प्यातला डेटा दुसऱ्यात थेट जात नाही.

ज्या पोर्टला कॉम्प्युटर किंवा कॅमेरा लागतो तो 'अ‍ॅक्सेस' पोर्ट, त्याला एकच कप्पा. दोन स्विचना जोडणारा तो 'ट्रंक' पोर्ट, त्यातून सगळ्या कप्प्यांचा डेटा जातो. कुठला डेटा कुठल्या कप्प्यातला हे कळावं म्हणून त्यावर ४ बाइटचं लेबल लागतं.

मग गडबड कुठे होते?

सिस्कोच्या स्विचमध्ये डीटीपी नावाचा प्रोटोकॉल असतो. समोरून 'ट्रंक व्हायचं का?' असं विचारलं गेलं, की 'डायनॅमिक ऑटो' सेटिंगवरचा पोर्ट लगेच तयार होतो. अनेक मॉडेल्स याच सेटिंगवर कारखान्यातून बाहेर पडतात. विचारणारा खरोखर स्विच आहे की कुणाचा लॅपटॉप, हे डीटीपी पाहत नाही. त्यामुळे वेटिंग रूममधल्या टीव्हीमागच्या पोर्टला कुणी लॅपटॉप लावला आणि योग्य तो संदेश पाठवला, तर त्याच्यासमोर एका कप्प्याऐवजी सगळेच कप्पे उघडू शकतात. याला व्हीलॅन हॉपिंग म्हणतात.

व्हीटीपीची गोष्ट तर आणखी अजब. कप्प्यांची यादी एका स्विचवरून बाकीच्यांना आपोआप पोहोचवण्यासाठी तो आहे. इथे हॅकरचीही गरज नाही. लॅबमध्ये पडलेला जुना स्विच कुणी ट्रंकला जोडला, त्याचं डोमेन नेम आणि पासवर्ड तोच असला आणि यादीचा क्रमांक जास्त असला, तर बाकीचे स्विच आपली यादी पुसून त्याची घेतात. अख्खी बिल्डिंग ऑफलाइन! (व्हीटीपीच्या तिसऱ्या आवृत्तीत हा धोका बराच कमी झाला.)

अमेरिकेच्या एनएसएने मार्च २०२२ च्या मार्गदर्शिकेत आपोआप होणारं ट्रंकिंग आणि न वापरलेले पोर्ट बंद करा, असं स्पष्ट सांगितलं. डिसेंबर २०२४ मध्ये टेलिकॉम कंपन्यांसाठी नवी मार्गदर्शिका आली, तिच्यातही व्हीलॅनने नेटवर्क नीट विभागण्यावर भर होता. निमित्त होतं चीनशी जोडल्या गेलेल्या 'सॉल्ट टायफून' हल्ल्याचं. त्यात अमेरिकेतल्या ९ टेलिकॉम कंपन्यांत घुसखोरी झाल्याचं व्हाइट हाउसने त्याच महिन्यात सांगितलं होतं. आता, हा हल्ला व्हीलॅन हॉपिंगने झाला नव्हता. सिस्कोच्या तपासानुसार बहुतेक ठिकाणी चोरलेले पासवर्ड वापरले गेले. पण घुसलेला माणूस आत किती लांब जाऊ शकतो, हे कप्प्यांवरच ठरतं. एका प्रकरणात तर एकाच अ‍ॅडमिन खात्याच्या हातात १ लाखाहून जास्त राउटर होते.

डीटीपीवरचा उपाय फुकट आहे. कॉम्प्युटरच्या पोर्टवर 'स्विचपोर्ट मोड अ‍ॅक्सेस' आणि 'स्विचपोर्ट नॉननिगोशिएट' या दोन ओळी टाकायच्या. ट्रंकवर फक्त लागतील तेवढ्याच कप्प्यांना परवानगी द्यायची.

तरी ते केलं जात नाही, कारण चालू नेटवर्कला हात लावायची भीती. ती अगदीच खोटी नाही. ट्रंकच्या यादीत ३० नंबरचा कप्पा वाढवताना कमांडमध्ये 'अ‍ॅड' हा एक शब्द राहिला, तर आधीची पूर्ण यादी उडते, फक्त ३० उरतो आणि दोन मिनिटांत सगळ्या मजल्यांवरून आयटीवाल्यांना फोन सुरू होतात.