कळलावीचा कंद : औषध की विष?

चंदगडच्या पावसाळी मुलखात श्रावणाच्या सुमारास कुंपणांवर कळलावीची लाल-पिवळी फुले डोलू लागतात. प्रसूतीच्या कळा आणणारी म्हणून तिला हे नाव पडले. आफ्रिकेतही ही वेल पूर्वापार औषधात आहे. झिंबाब्वेचे तर ते राष्ट्रीय पुष्प होय. आयुर्वेदाने मात्र या ‘लांगली’ची गणना उपविषांत केली असून, गोमूत्रात शोधन केल्यावाचून ती वापरू नये असे सांगितले आहे. लोकव्यवहारात औषध तेवढे स्मरणात राहिले, शोधन विसरले गेले.

कंदातील कोल्चिसिन हे द्रव्य आधुनिक वैद्यकातही वातरक्तावर दिले जाते. पण गोळीत ते अवघे अर्धा मिलिग्रॅम असते. उगाळलेल्या कंदातून ते किती पोटात गेले, हे जाणत्या सुईणीलाही सांगता येणार नाही. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात. तोवर विष अंगात भिनलेले असते. शिवाय हा तालुका रताळ्यांचा; मुलांना कंदाचा भ्रम होणे अशक्य नाही.

वेल समूळ उपटण्याचे कारण नाही. गौरीला फुले खुशाल न्यावीत. परंतु गर्भवतीला हा कंद देण्याची चाल जेथे असेल तेथे ती बंद झालीच पाहिजे. कंद कोणाच्या पोटात गेलाच, तर घरगुती उतारे करीत न बसता, त्याचा तुकडा बरोबर घेऊन रुग्णास तत्काळ ग्रामीण रुग्णालयात न्यावे.