एका डोळ्याला सव्वाचार लाख डॉलर! अंधत्वावर जनुकाचं औषध शोधणाऱ्या डॉ. जीन बेनेट कोण आहेत?

मंद उजेडाची खोली. जमिनीवर बाण काढलेत, वाटेत अडथळे ठेवलेत. बाणांच्या मागे चालत दारापर्यंत पोहोचायचं. लहान मुलांचा खेळ वाटेल, पण याच चाचणीच्या जोरावर २०१७ साली अमेरिकेत लक्सटर्ना या औषधाला मंजुरी मिळाली. आनुवंशिक आजारावर तिथे मंजूर झालेली ही अशी पहिली जीन थेरपी, जी थेट शरीरात दिली जाते.

यामागे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नेत्रविज्ञानाच्या प्राध्यापक राहिलेल्या जीन बेनेट आणि त्यांचे पती, रेटिना सर्जन अल्बर्ट मॅग्वायर यांची जवळपास पूर्ण कारकीर्द आहे.

आजार नेमका काय आहे?

आपल्या शरीरात आरपीई६५ नावाचं जनुक असतं. डोळ्यात उजेड पडला की व्हिटॅमिन ए पासून बनलेला एक रेणू वापरला जातो. तो पुन्हा वापरण्याजोगा करायचं काम या जनुकामुळे होतं. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली, तर हे चक्र थांबतं. मुलाला लहानपणापासून कमी दिसतं आणि हळूहळू रेटिनाच्या पेशी मरायला लागतात.

उपाय ऐकायला सोपा आहे. निरुपद्रवी विषाणूत जनुकाची चांगली प्रत भरायची आणि रेटिनाखाली इंजेक्शन द्यायचं.

मग इतकी वर्षं का लागली?

हार्वर्डमध्ये डॉक्टरकी शिकताना मॅग्वायर यांनी बेनेटना विचारलं होतं, अंधत्वावर असं काही करता येईल का? त्या हो म्हणाल्या. तेव्हा हे जनुक सापडलंही नव्हतं!

१९९९ मध्ये मोठा धक्का बसला. याच विद्यापीठात यकृताच्या वेगळ्या आजारावरच्या जीन थेरपीच्या चाचणीत १८ वर्षांच्या जेसी गेल्सिंगरचा मृत्यू झाला. या संशोधनाकडे सगळीकडे संशयाने बघितलं जाऊ लागलं.

तरी काम थांबलं नाही. जन्मापासून हाच आजार असलेल्या ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांना दिसू लागल्याचं २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातली दोन कुत्री पुढे बेनेट-मॅग्वायर यांच्या घरीच आली. २००७ मध्ये फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयात माणसांवर चाचणी सुरू झाली.

शेवटच्या टप्प्यात औषध मिळालेल्या २० पैकी १३ जण वर्षभरानंतर सर्वांत कमी उजेडातही ती वाट पार करू शकले. औषध न मिळालेल्या गटातला एकही नाही.

खरा वाद किमतीचा

एका डोळ्याचे ४,२५,००० डॉलर. दोन्ही डोळ्यांचे त्यावेळच्या दराने सुमारे साडेपाच कोटी रुपये. कंपनीचं म्हणणं, रुग्ण मोजके आणि औषध एकदाच द्यायचं. अमेरिकेत असे रुग्ण हजार ते दोन हजारच असल्याचा अंदाज होता. हे औषध बनवणारी स्पार्क कंपनी २०१९ मध्ये रोशने ४०० कोटी डॉलरहून जास्त किमतीला घेतली. बेनेट आणि मॅग्वायर यांनी मात्र पेटंटमधला आर्थिक वाटा आधीच सोडला होता.

म्हणजे शोधणाऱ्यांनी वाटा सोडला, तरी औषध स्वस्त झालं नाही.

आपल्याशी संबंध काय?

भारताच्या दुर्मीळ आजार धोरणात यादीतल्या आजारांसाठी मिळणारी मदत जास्तीत जास्त ५० लाखांची आहे. साडेपाच कोटींपुढे ती कुठे पुरणार?

दुसरा मुद्दा घरातला आहे. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे अनेक समाजांत चालतं. नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकच बिघडलेलं जनुक असण्याची शक्यता वाढते. तसं असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के.

आणि हे औषध फक्त आरपीई६५ साठी आहे. रेटिनाचे आनुवंशिक आजार घडवणारी जनुकं अडीचशेहून जास्त आहेत. त्यामुळे मुलाला अंधारात दिसत नसेल, तर 'मोठं झालं की सुधारेल' म्हणत थांबू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, जनुकीय तपासणीबद्दल विचारा. कारण पेशी जिवंत असतील तोवरच हे औषध काम करतं. मेलेल्या पेशी ते परत आणत नाही.